ग्रंथकारांचे एजंट, मुक्काम लाकूड डेपो

उभ्या आयुष्यात मी एकच धंदा मनापासून केला आणि नेमका तोच मला जमला नाही. पोटासाठी मी जोयड्याजवळच्या लाकूड डेपोत कारकून होतो. सागवानाच्या ओंडक्यांवर नंबर घालायचे आणि ते वहीत उतरवायचे, हे काम मी वीस वर्षं बिनचूक केलं. पण कोणी विचारलं तर ते मी सांगत नसे. मी सांगे, की मी ग्रंथकारांचा एजंट आहे. त्या काळी आमच्या रानात ग्रंथकार शोधण्यापेक्षा वाघ शोधणं सोपं होतं, पण वाघाला एजंट लागत नाही.

हे खूळ माझ्या डोक्यात घातलं बेळगावच्या एका छापखानेवाल्यानं. तो एक मासिक काढायचा आणि मी त्याला वर्गणीदार मिळवून द्यायचो. तीन वर्षांत चार मिळवले, त्यातला एक मी. एकदा मी त्याच्या छापखान्यात बसून फारच वेळ घालवत होतो, तेव्हा तो म्हणाला, "विलायतेत लेखकांचे एजंट असतात म्हणे. लेखक घरी बसून लिहितो आणि एजंट बाड काखोटीला मारून छापखाने हिंडतो. तुम्ही तसं का करत नाही? हिंडा की जरा." मी उठून जावं एवढंच त्याला हवं असणार, हे मला आज कळतं. तेव्हा मात्र मला कोणी गुरुमंत्र दिल्यासारखं झालं. मी तडक बाजारात गेलो आणि रबरी शिक्का करून घेतला: "ग्रंथकारांचे एजंट, मुक्काम लाकूड डेपो, पेटा सुपे."

तो शिक्का मी दिसेल त्यावर मारला. एकदा घाईत डेपोच्या परवान्यावरही मारला. त्या परवान्याची गाडी नाक्यावर दोन दिवस अडकून पडली, कारण हे लाकूड नक्की कुठल्या ग्रंथकाराचं, हे नाकेदाराला ठरवता येईना. मॅनेजरनं मला बोलावून विचारलं, "तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी आहे म्हणालो.

माझे पहिले ग्रंथकार एक जंगल गार्ड होते. त्यांनी वणव्यावर तीनशे ओव्या रचल्या होत्या आणि प्रत्येक दहावी ओवी विडी टाकण्याविषयी होती. मी ते बाड बेळगावला नेलं. छापखानेवाल्यानं दोन पानं वाचली आणि म्हणाला, "मी विडी सोडतो. तेवढ्यावर त्यांचं समाधान होईल का, विचारा." दुसरे जोयड्याचे मास्तर. त्यांच्या नाटकात साठ पात्रं होती. एवढी माणसं आमच्या पेट्यातल्या गावांत फक्त जत्रेला एके ठिकाणी दिसत. ते बाडही परत आलं. मास्तर माझ्याशी सहा महिने बोलले नाहीत, आणि खरं सांगायचं तर ते सहा महिने बरे गेले.

तिसरी आव्वा.

सुप्याच्या रानातल्या गुंद ह्या वाडीला आमच्या कंत्राटदाराची तोड चालू होती. ओंडक्यांवर नंबर घालायला मला तिथं आठ-आठ दिवस राहावं लागे. मुक्काम आव्वाच्या पडवीत. आव्वा कुणब्याची. वय तिला माहीत नव्हतं, मला विचारायचं धाडस नव्हतं. घरात ती आणि तिची सून, दोघीच. मुलगा गोव्याच्या बाजूला कामाला गेला तो तिकडंच तापानं गेला. पूर्वी त्या वाडीत वीस-बावीस चुली होत्या. कुमरी चालू होती तोवर लोक रान तोडून जाळत, राखेत नाचणी पेरत आणि दोन-तीन वर्षांनी पुढचं रान धरत. कुमरी बंद झाली तशी माणसं पांगली. कोणी घाटाखाली, कोणी खानापुराकडं, कोणी कुठं ते कळलंच नाही. राहिल्या पाच चुली.

पहिल्याच दिवशी दिवेलागणीला मी पडवीत पेज पीत बसलो होतो आणि आव्वा शेजारच्या दोन बायकांना गोष्ट सांगत होती. एक सून सासरी कंद खणायला घेते. कंद काही निघता निघत नाही. ती खणत जाते, खणत जाते आणि शेवटी माहेरच्या परसात बाहेर येते. आई भांडी घासत असते. आई म्हणते, आलीस ती आलीस, येताना कंद का नाही आणलास? माझी पेज गार झाली. पोरीबाळींसारखे डोळे पुसले मी. मग लगेच माझ्यातला एजंट जागा झाला, ही माझ्या स्वभावातली खोड.

"आव्वा, ह्या गोष्टींचं पुस्तक करूया," मी म्हणालो.

"बुक करून काय करायचं?"

"लोक वाचतील."

ती म्हणाली, "आमची मानसं गेली की रे सगळी. हितं हूं म्हनाय कोन न्हाई. त्यांच्यापत्तर जाईल तुजं बुक?"

जाईल, म्हणालो. एजंट होतो; नाही म्हणणं धंद्यात बसत नव्हतं.

"तर मग एक कर," आव्वा म्हणाली. "गोष्ट कुनी दिली त्येचं नाव घ्यायचं. न्हाई घेतलं तर चोरीचा माल झाला त्यो."

ही त्यांची रीतच होती. आव्वा प्रत्येक गोष्ट सुरू करण्याआधी ती कोणाकडून आली ते सांगे. ही माझ्या आत्याची, तिला तिच्या मावशीनं दिलेली, अशी नावानिशी पाच-पाच पिढ्यांची माळ. फक्त स्वतःचं नाव ती घेत नसे. ते सांगणाऱ्यानं घ्यायचं नसतं. ऐकणारा पुढं कधी सांगेल तेव्हा त्यानं घ्यायचं. "म्हंजे माझं नाव तू घेनार," तिनं मला बजावलं. "बुकावर. बघनाऱ्याला कळाय पायजे, आव्वा अजून हाय, गोष्टी बी हायत." मी वहीवर हात ठेवून शब्द दिला आणि वर शिक्काही मारला.

तर असा आमचा करार झाला. अडचण निघाली ती वेगळीच. गोष्टी सांगायच्या त्या दिवस मावळल्यावर, आणि तिच्या घरातल्या चिमणीच्या उजेडात मला माझाच हात दिसत नसे. मी म्हणालो, दिवसा सांग. आव्वानं दोन्ही कानांना हात लावले. दिवसा गोष्ट सांगितली तर ऐकणाऱ्याचा मामा वाट चुकतो, हे मला एवढं शिकून ठाऊक नव्हतं याचंच तिला नवल वाटलं.

"तुला मामा हाय?"

"आहे. खानापूरला."

मला मामांनीच वाढवलं होतं. आईवडील लवकर गेले. मामांचं खानापूरला किराणा दुकान होतं आणि मामा त्या दुकानातल्या गादीवर सकाळी बसत ते दुकान बंद करायलाच उठत. दुकानातून घरात जायला मधलं दार होतं. माझ्या आठवणीत मामा तीन वेळा पायरी उतरून रस्त्यावर आले, त्यातलं एक माझं लग्न. हे सगळं मी आव्वाला सांगितलं.

"म्हंजे रानात येत न्हाई त्यो?"

"रानात? दुकानासमोरच्या चौकात येत नाही."

आव्वानं विचार केला. जोखीम फक्त माझ्या मामाची, आणि माझा मामा हलत नाही, तेव्हा चालेल. पण सुनेनं मात्र ऐकायचं नाही, कारण तिचा मामा जवळच्या नंदिगड्ड्याला गुरं राखायचा आणि दिवसभर रानात असायचा. सून बिचारी कानाला पदर गुंडाळून शेतावर जाऊ लागली. मी डाव्या हातानं वही धरायचो, उजव्यानं लिहायचो आणि तोंडानं "हूं" म्हणायचो. हूं आला नाही की आव्वा थांबे. लिहिण्याच्या नादात माझा हूं मागं पडे आणि आव्वा मला शाळेतल्या मुलासारखी दटावे. आठवी गोष्ट अर्ध्यावर आली तोवर मी डेपोत तोंड दाखवलं नव्हतं त्याला बारा दिवस झाले होते.

मॅनेजरनं मामांना कार्ड टाकलं, की आपला भाचा काम टाकून गुंदला एका म्हातारीच्या पडवीत बसून कहाण्या उतरवतो आहे, काय ते बघा. आणि मामा उठले. जन्मात न उठलेला माणूस उठला. गाडीनं, मग बैलगाडीनं नंदिगड्ड्यापर्यंत आले आणि तिथून गुंदची पायवाट धरली. ती पायवाट गुरांची निघाली.

दीड दिवसानं मध काढणाऱ्यांना ते सापडले. एका वारुळाशेजारी खोबऱ्याची वाटी चावत बसले होते आणि पाय घोट्यापासून भोपळ्यासारखा सुजला होता. त्यांना झोळीत घालून सगळ्यात जवळच्या घरी आणलं. ते घर आव्वाचं. आव्वानं झोळीत वाकून पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "कोन हे?"

"मामा," मी म्हणालो.

आव्वा मटकन खालीच बसली. तिला एवढं वाईट वाटलं, की मामांना मला दोन शिव्या द्यायच्या होत्या त्यासुद्धा देता येईनात. उलट तेच तिची समजूत घालू लागले. मी विज्ञानाच्या गोष्टी वाचणारा माणूस; मॅनेजरच्या कार्डामुळं मामा आले आणि आले म्हणून चुकले, हे मला समजत होतं. पण त्या दिवशी ते बोलायला तोंड नव्हतं. वहीतली आठवी गोष्ट अर्धीच होती आणि आव्वानं ती पुढं सांगायला साफ नकार दिला.

चार दिवस तिनं मामांच्या पायावर पाला वाटून बांधला आणि त्यांना पेज पाजली. पडून पडून मामा कंटाळले. पाचव्या दिवशी म्हणाले, "अक्का, मी म्हणतो, ह्याचा मामा आता हितंच पडलाय तुमच्या पडवीत. पाय हलवता येईना. आता कुठं जाऊन चुकणार बा त्यो? सांगा की गोष्ट."

आव्वा त्यांच्याकडं बघतच राहिली. एवढं सरळ कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ऐकणाऱ्याचा मामा डोळ्यांसमोर असला तर दिवसा गोष्ट सांगायला हरकतच नाही! मामांचे मामा केव्हाच देवाघरी गेले होते, तेव्हा तिकडूनही धोका नव्हता; त्या दिवसापासून मामा हूं म्हणायला लागले आणि माझं तोंड मोकळं झालं. दुकानात गिऱ्हाइकाला दिवसभर हूं हूं करायची त्यांना सवयच होती, पण हा हूं निराळा होता. मध्येच म्हणत, "पुढं?" मध्येच, "अरेरे!" कंदाची गोष्ट त्यांनी तीन वेळा सांगायला लावली. मला न्यायला आलेले मामा मला म्हणायला लागले, "हळू लिही, पण सोडू नकोस काही. काय गाळलंस बघ मागचं." तीन आठवड्यांत एकूण एकवीस गोष्टी झाल्या. मामा काठी टेकत खानापूरला परतले तेव्हा आव्वा वाडीच्या टोकापर्यंत आली होती. माझ्या आयुष्यातले ते सगळ्यात चांगले दिवस, हे सांगायला आता लाज कसली.

पावसाआधी मी बेळगावला गेलो. छापखानेवाल्यानं बाड उभ्याउभ्या उघडलं, मग बसला, मग चहा मागवला. त्यानं माझ्यासाठी चहा मागवण्याची ही पहिलीच वेळ. "हे छापतो," तो म्हणाला. "काय नाव बाईंचं?"

"आव्वा."

"अहो, आव्वा बेळगावात घरटी एक आहे. नाव सांगा."

मला नाव ठाऊक नव्हतं.

एकवीस गोष्टी लिहून घेतल्या, तिच्या आत्याचं, मावशीचं, आत्याच्या मावशीचं नाव माझ्या वहीत होतं. तिचं नव्हतं. गुंदला सगळे तिला आव्वा म्हणत. तिच्या वयाचे वैनी म्हणत. मामा अक्का म्हणत. बाईमाणसाला तोंडावर कोणी नाव विचारत नाही आणि मला त्याची गरजही पडली नव्हती; हाक मारली की ती ओ देत होती. तिला वाटलं असणार, एवढा लिहिणारा माणूस, ह्याला ठाऊक असेल. मला वाटलं, कधीतरी कळेल.

मी कागदाच्या गठ्ठ्यावर बसलो. छापखानेवाला भला माणूस. म्हणाला, "गुंद येथील एक वृद्धा, असं घालूया." मी म्हणालो, नको, नाव घालायचा शब्द दिलाय. "मग कार्ड टाका." कार्ड सुप्याला जाणार, तिथून कधीतरी कोणीतरी गुंदला नेणार, तिथं ते वाचणार कोण? तोवर पाऊस लागणार आणि वाटा बंद. हे सगळं खरं होतं. पण पुस्तक चार महिने थांबलं असतं तर बेळगाव काही बुडणार नव्हतं, हेही खरं होतं. मग तो म्हणाला, "तूर्त तुमचं घालतो. पुढच्या आवृत्तीला बदलू." आणि त्यानं जुळाऱ्याला सांगून माझ्या नावाचे खिळे जुळवून माझ्यासमोर आणून ठेवले. शिशाची ती अक्षरं उलटी होती तरी मला सरळ वाचता आली. मला ती आवडली. फार आवडली. ग्रंथकारांच्या दारात बाडं मागत फिरणाऱ्याला आत घेऊन गादीवर बसवावं, तसं वाटलं. मी "तूर्त" म्हणालो आणि दोन वेळा तपासून पाहिलं की काना-मात्रा बरोबर आहे ना.

भातं कापणीला आली तेव्हा पुस्तकं तयार झाली. येताना खानापूरला मामांकडं उतरलो. त्यांनी गठ्ठा उघड म्हटलं. मी म्हणालो, पहिली प्रत आव्वाच्या हातात. ऐकायला ते फार थोर वाटलं आणि मामांचे डोळे भरून आले. आव्वासाठी लुगडं आणि गुळाची ढेप घेऊन तेही माझ्याबरोबर निघाले. ह्या खेपेला वाट चुकू नये म्हणून नंदिगड्ड्याहून माणूस घेतला.

आव्वानं हात धुतले, पुसले आणि पुस्तक मांडीवर घेतलं. वास घेतला. उलटंसुलटं करून पाहिलं. सून दाराआडून बघत होती. मग आव्वानं विचारलं, "माझं नाव कुटं हाय?"

मी काय सांगावं याची तयारी वाटभर केली होती. पाऊस, कार्ड, दुसरी आवृत्ती, सगळं पाठ होतं. ती माझ्याकडं अशी बघत होती, की त्यातलं काही आठवेना. मी बोट पुढं केलं आणि माझ्याच नावाखाली ठेवलं.

"हे बघ."

"एवढंसं?"

"छापात लहानच येतं."

तिनं माझं बोट बाजूला करून तिथं आपलं बोट ठेवलं. हळदीनं पिवळं झालेलं, चटया विणून चिरलेलं. अक्षरांवरून ते सावकाश फिरवलं. मग पुस्तक मामांच्या पुढं धरलं. "अण्णा, तुमाला वाचाय येतंय. बघा बरं, बरोबर हाय न्हवं?"

मामांनी चष्मा लावला. पुस्तक लांब धरलं, जवळ घेतलं. मी जमिनीकडं बघत होतो.

"होय, अक्का," मामा म्हणाले. "तुमचंच नाव हाय."

"मोठ्यानं वाचा की. ऐकूया."

"छे छे. बाईमाणसाचं नाव परके पुरुष मोठ्यानं घेतात व्हय?"

आव्वा लाजली आणि हसली. व्हय व्हय, ते बी खरंच, म्हणाली आणि आम्हाला गूळ फोडून दिला. माझा खडा मी हळूच खिशात टाकला. मामा दुकानात दिवसभर खोटं बोलत. जुने तांदूळ नवे आणि नवे जुने, हा धंदाच होता. पण माझ्यासाठी ते खोटं बोलले ते हे एकदाच.

परतताना नंदिगड्ड्याजवळ बरोबरचा माणूस पुढं गेल्यावर मामा वाटेतल्या दगडावर बसले आणि म्हणाले, "काय नाव रे तिचं?"

"ठाऊक नाही, मामा."

मला वाटलं आता काठी बसणार. बसली असती तर बरं झालं असतं. मामा बराच वेळ काठीचं टोक मातीत फिरवत राहिले. "मला बी न्हाई," ते म्हणाले. "तीन आठवडे त्या माउलीच्या हातची पेज प्यालो. मला बी न्हाई ठाऊक."

त्यानंतर माझी जी गंमत झाली ती कोणा शत्रूची होऊ नये. नाव विचारावं तर आव्वालाच विचारायला हवं. पण तिला कसं विचारणार? नाव तर मी तिला छापलेलं दाखवलं होतं! विचारलं की संपलं. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "आव्वा म्हंतो की आमी." जमिनीच्या कागदावर तिच्या नवऱ्याचं नाव. माहेर कुठल्याशा वाडीत, ती वाडीच उठलेली. राहिली सून. तिला एकदा शेतात गाठून विचारलं, तर तोंडाला पदर लावून हसायला लागली. "सासूचं नाव घेत्यात व्हय कोन?" आणि इतक्या दिवसांनी मला हे कसं सुचलं म्हणून वर तिनं ते आव्वालाही सांगितलं. आव्वा म्हणाली, "बुकात हाय की, तितनं बघ म्हनावं." नशीब माझं, ती पुढं काही बोलली नाही.

इकडं जोयड्याला मास्तरांनी माझा सत्कार केला. नारळ दिला. साठ पात्रांचं दुःख विसरून ते माझ्या शैलीवर अर्धा तास बोलले. मी उत्तरादाखल नम्रतेवर भाषण केलं. ते चांगलं झालं असं सगळे म्हणाले.

आव्वा ते पुस्तक फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवी आणि आल्यागेल्याला दाखवी. उळवीला जाणारे यात्रेकरू पडवीत टेकत. त्यांना कन्नड वाचता येई, मराठी नाही. ती त्यांच्यापुढं पुस्तक धरून बोट ठेवी, "हे मी," आणि ते हात जोडत. सणाला ती त्या जागी हळदकुंकू लावी. दोन-तीन वर्षांत तिथली अक्षरं घासून, रंगून अशी झाली की माझं नाव मलाही दिसेना. मला त्याचं बरंच वाटलं. वाटे, चला, परस्पर मिटलं.

पुस्तक घाटाखाली गेलं की नाही, तिच्या माणसांपर्यंत पोचलं की नाही, मला माहीत नाही. प्रती संपल्या एवढं खरं. छापखानेवाल्यानं दुसरी आवृत्ती काढायची म्हणून पत्र पाठवलं, "आता तरी बाईंचं नाव कळवा." ते पत्र आलं त्याच आठवड्यात गुंदहून निरोप आला, की आव्वा गेली. झोपेतच गेली. मामांना कळवलं. ते आता फार थकले होते. त्यांनी उलट टपालानं एकच ओळ धाडली, की नाव घेतल्याशिवाय परत येऊ नकोस.

मी गुंदला गेलो. पडवी तशीच होती. सुनेनं पेज दिली. आव्वाच्या शेवटच्या दिवसांचं सांगितलं. दोघंही थोडं रडलो. मग मी मनाचा हिय्या केला.

"वहिनी, आता ती नाही. पुस्तक परत छापायचंय. एकदा तिचं नाव सांगा. माझ्या कानात सांगा. नाहीतर चुलीतल्या राखेत लिहा."

"मला कुटं लिवाय येतंय? आनि गेली म्हनून काय झालं, सासूच की," ती म्हणाली. मग उठून फळीवरचं फडकं काढलं, पुस्तक सोडवून माझ्यापुढं ठेवलं आणि आव्वा ठेवायची तिथंच बोट ठेवलं. "हितं हाय न्हवं? अण्णांनी वाचलं व्हतं की. त्या दिशी त्येनी मोठ्यानं घेतलं न्हाई. तुमी घ्या." तिनं पदर सावरला. "मला घ्याय येत न्हाई. पन लई दिस झालं, कुनाच्या तरी तोंडनं ऐकावं वाटतंय."

मी पानाकडं बघत बसलो. तिथं पिवळा-तांबडा डाग होता, बाकी काही नव्हतं. तिला सगळं सांगून टाकावं असं मनात आलं, आणि तोंडातून निघालं ते हे, की अक्षरं पुसली गेलीत, लागत नाहीत.

"आत अंधार हाय म्हनून," ती म्हणाली. "हितं उजेडात या की." आणि पुस्तक दोन्ही हातांत धरून ती अंगणात जाऊन उन्हात उभी राहिली. मला उठून तिच्यामागं जावं लागलं.